छोट्या धंद्यात संगणक आला, मग फायदा कुठे अडला?

सध्या कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, कोपऱ्यात एआयचं बटण असतंच. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये, ईमेलमध्ये, अगदी फोनच्या कॅमेऱ्यातसुद्धा. त्यामुळे दहा-वीस माणसांचा धंदा चालवणाऱ्याला चहूकडून एकच प्रश्न ऐकावा लागतो: तुम्ही एआय वापरता की नाही? याच माणसाला काही वर्षांपूर्वी ‘वेबसाइट आहे का’ असं विचारून झालं होतं. मग ‘ॲप आहे का’. मग ‘क्लाउडवर गेलात का’. दर वेळी त्याने काहीतरी विकत घेतलं, दर वेळी विकणारा म्हणाला ‘आता बघाच’, आणि वर्षअखेरीला नफा होता तिथेच.

या माणसाला तंत्रज्ञान झेपत नाही असं समजायचं कारण नाही. घरी तोच फोनवरून सगळी कामं उरकतो. धंद्यात मात्र त्याला सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करायला सांगितली जाते. माझ्या मते त्याला आधी विचारायला हवं ते असं: तुमच्याकडे ऑर्डर आली की ती पहिल्यांदा कुठे लिहिली जाते? आणि पुढे आणखी किती वेळा? कुठलं सॉफ्टवेअर, किती खर्च, एआय हवं की नको, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

आधी थोडी ओळख

छोटा-मध्यम उद्योग कशाला म्हणायचं याचे नियम देशागणिक बदलतात. युरोपीय संघात २५० पेक्षा कमी माणसं कामाला असणं ही मुख्य अट, जोडीला उलाढालीची किंवा मालमत्तेची मर्यादा. इतर काही ठिकाणी यंत्रसामग्रीत किती पैसा गुंतवला ते बघतात. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे ९० टक्के उद्योग या गटात मोडतात आणि निम्म्याहून जास्त रोजगार तेच देतात. बातम्यांत मोठ्या कंपन्या दिसतात म्हणून हा आकडा दचकवतो, एवढंच.

‘माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान’ हे नाव भारदस्त आहे, पण त्यात कामं तीनच: लिहून ठेवणं, त्यावरून हिशेब काढणं आणि इकडचं तिकडे पोचवणं. फोन, इंटरनेट, बिलिंगचं सॉफ्टवेअर, बारकोड वाचणारं यंत्र, ऑनलाइन येणारे पैसे, व्हॉट्सॲपवरचा ग्रुप, सगळं यात आलं. ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे हे तंत्रज्ञान आहे. प्रश्न आहे तो या तीनपैकी कोणतं काम त्याच्याकडून करून घेतलं जातं याचा.

पोचवणं जमलं, लिहून ठेवणं राहिलं

छोट्या धंद्यांनी तिसरं काम चटकन उचललं, आणि त्याचा फायदाही खरा आहे. याचा सगळ्यात चांगला पुरावा समुद्रावरचा आहे. १९९७ ते २००१ च्या दरम्यान उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइलचं जाळं टप्प्याटप्प्याने पोचलं. त्याआधी मच्छीमार आपापल्या किनाऱ्यावरच माल उतरवत. एका बंदरात तारली उदंड, घ्यायला कोणी नाही, म्हणून परत समुद्रात फेकायची, आणि काही किलोमीटरवरच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातंय, असं चालायचं. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारता येऊ लागला. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सेन यांनी २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदराबंदरांतल्या भावाची तफावत झपाट्याने कमी झाली, मासळी फेकून देणं थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला. विकणारा आणि घेणारा, दोघांचंही भलं झालं.

पण हा फायदा मिळवायला मच्छीमाराला काय बदलावं लागलं? जवळपास काहीच नाही. फोन घेतला, बोलला, होडीचं तोंड वळवलं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेणं, मालाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकणं, पैसे फोनवर स्वीकारणं हे याच जातीचं काम. बाहेरच्याशी बोलणं वेगवान होतं, आतली घडी तशीच राहते. म्हणूनच ते लवकर रुजतं.

लिहून ठेवण्याचं तसं नाही. तिथे रोज, प्रत्येक वेळी, कामाच्या गर्दीतही काहीतरी नोंदवावं लागतं. ते कुणी, कधी आणि कोणत्या नावाने नोंदवायचं हे आधी ठरवावं लागतं. घोडं अडतं ते इथे. आणि बोलण्याचा वेग वाढला पण नोंदीचा नाही, की गोंधळ पूर्वीपेक्षा वाढतो. ऑर्डरी जास्त येतात, जास्त वाटांनी येतात, आणि सगळ्या एकाच माणसाच्या डोक्यात साठतात.

एका ऑर्डरचा प्रवास

समजा, पुठ्ठ्याची खोकी बनवणारा बारा माणसांचा एक कारखाना आहे. संध्याकाळी उशिरा मालकाच्या फोनवर जुन्या गिऱ्हाइकाचा आवाजी निरोप येतो: ‘मागच्या वेळचीच खोकी, फक्त अर्धा इंच उंच करा. सहाशे नग. शुक्रवारपर्यंत लागतील.’ मालक गाडीत आहे. तो अंगठा पाठवतो. झाली ऑर्डर पक्की.

सकाळी तो फोरमनला तोंडी सांगतो. फोरमन जुन्या पावतीच्या मागे ‘६०० मागचीच’ असं खरडतो, कारण अर्धा इंच लक्षात राहीलच असं त्याला वाटतं. स्टोअरवाला पुठ्ठ्याचे ताव देतो आणि आपल्या वहीत त्याची नोंद करतो. दुपारी ताव कमी पडतात तेव्हा आणखी एक गठ्ठा जातो, तो वहीत चढत नाही. माल निघताना चलन बनतं. तीन दिवसांनी हिशेबनीस चलनावरून बिल करतो आणि दर मागच्या बिलातला लावतो, कारण अर्धा इंच वाढला म्हणून दर वाढलाय हे मालक आणि गिऱ्हाईक यांच्यातच ठरलेलं असतं. तिकडे चाळीस खोकी जुन्याच उंचीची निघतात. गिऱ्हाईक ती परत पाठवतो आणि मालकाला फोन करून सांगतो, मालक ‘हो हो, त्यांचे पैसे कापून घ्या’ म्हणतो. गिऱ्हाईक तेवढे पैसे कापून पाठवतो. हिशेबनिसाच्या लेखी बाकी शिल्लकच! तो पुढचे दोन महिने नेमाने स्मरणपत्रं पाठवत राहतो आणि चांगलं गिऱ्हाईक वैतागतं.

यात कुणी आळशी नाही, कुणी लबाड नाही. एकच ऑर्डर चार ठिकाणी लिहिली गेली: फोरमनच्या चिठ्ठीवर, स्टोअरच्या वहीत, चलनावर, बिलात. त्यातलं कुठलंही एक दुसऱ्याशी जुळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी, उंची, नवा दर आणि परत आलेला माल, कुठेच लिहिल्या गेल्या नाहीत.

आता या कारखान्यात भारीतलं सॉफ्टवेअर आणून ठेवलं तर काय होईल? हिशेबनीस तेच चुकीचं बिल अधिक सुबक छापेल. स्मरणपत्रं आपोआप जातील, म्हणजे गिऱ्हाईक जास्त नियमितपणे वैतागेल.

फरक पडतो तो ऑर्डर आली त्या क्षणी तिची एक ओळ तयार झाली तर. ऑर्डर क्रमांक, कोणाची, कोणता नग, किती, उंची किती, दर काय, कधी द्यायची. पुढे ज्याचा त्याचा हात लागेल तसा तो त्याच ओळीत आपली भर घालतो: ताव किती गेले, नग किती निघाले, परत किती आले. चलन आणि बिल त्याच ओळीतून निघतं, कुणी नव्याने लिहीत नाही. घराच्या गच्चीवर एक टाकी असते आणि स्वयंपाकघर, मोरी, अंगण सगळीकडचे नळ तिलाच जोडलेले असतात, तसं हे. प्रत्येक खोलीत वेगळी बादली भरून ठेवली की कुठल्या बादलीतलं पाणी ताजं हे कुणालाच सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्या यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला ईआरपी म्हणतात. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच नोंदीवर चालवणारी व्यवस्था, एवढाच त्याचा अर्थ. बारा माणसांच्या कारखान्याला तेवढं अवजड काही लागत नाही. त्यामागचा विचार मात्र लागतो.

‘पण आम्ही सगळं घेतलं, तरी काही फरक पडला नाही’

ही तक्रार खोटी नाही, आणि नवीही नाही. १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी लिहिलं होतं की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढं दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे हे वाक्य कुणाला झटकून टाकता आलं नाही.

याचं मला पटलेलं उत्तर आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दिलं. त्यांनी विजेचं उदाहरण घेतलं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. पण अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी दिसली ती १९२० च्या दशकात. मधली चाळीस वर्षं काय चाललं होतं? वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठं इंजिन असे. त्याला छताखालून जाणारा लांब दांडा, दांड्यावरून पट्टे, आणि प्रत्येक यंत्र त्या पट्ट्याला जोडलेलं. यंत्रं कुठे ठेवायची हे काम ठरवत नसे, दांडा ठरवी. वीज आली तेव्हा बहुतेकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. दांडा तोच, पट्टे तेच. फायदा किरकोळ. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर दिली आणि यंत्रं कामाच्या क्रमाने मांडली, तेव्हा कुठे विजेचं चीज झालं. त्यासाठी इमारती नव्या बांधाव्या लागल्या आणि जुन्या पद्धतीत मुरलेली माणसं नव्याने शिकवावी लागली.

खोक्यांच्या कारखान्यातला दांडा म्हणजे मालकाचं डोकं. सगळे पट्टे तिथून निघतात.

याला जोड देणारा आणखी एक अभ्यास आहे. निकोलस ब्लूम, रफाएला सादुन आणि जॉन व्हॅन रीनन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ब्रिटनमध्ये चालणाऱ्या अमेरिकी मालकीच्या कंपन्या संगणकातून इतर परदेशी कंपन्यांपेक्षा जास्त उत्पादकता काढत होत्या. देश तोच होता. फरक होता तो माणसं नेमण्याच्या, बढती देण्याच्या आणि कामाचा मोबदला ठरवण्याच्या पद्धतीत.

म्हणून बजेट करताना एक गोष्ट पदरात बांधून ठेवावी. सॉफ्टवेअरची वर्गणी हा खर्चाचा दिसणारा भाग. जुन्या नोंदी साफ करणं, मालाची यादी बनवणं, माणसांना शिकवणं आणि त्या काळात मंदावणारं काम हा न दिसणारा भाग, आणि तो बहुतेक वेळा जास्त असतो. पहिले काही महिने काम सुटसुटीत होण्याऐवजी अवघड वाटतं. विकणारा हे सांगत नाही, कारण सांगितलं तर विक्री होत नाही.

एक्सेल पुरत नाही का?

पुष्कळांना पुरतं. हे मोकळेपणाने सांगणारे कमी भेटतात.

आडव्या-उभ्या चौकटींतल्या या तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट व्हिसिकॅल्क, १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी आलेलं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ते बनवलं. ‘दर दोन टक्क्यांनी वाढवला तर वर्षअखेरीला काय होईल’ हे पाटी पुसून पुन्हा मांडायची गरज न पडता कळू लागलं. अनेक छोट्या धंद्यांनी पहिला संगणक घेतला तो यासाठीच.

पण त्याची ताकद आणि खोट एकाच ठिकाणी आहे: त्यात कुणीही कुठेही काहीही लिहू शकतं, आणि ते हूं की चूं करत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारातली होती, तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. उरलेलं गुपचूप गळून गेलं. छोट्या धंद्यात एवढ्या ओळी होणार नाहीत, पण ‘गुपचूप’ हा भाग सगळीकडे सारखाच. एक सूत्र चुकून पुसलं गेलं, एका रकान्यात तारखेऐवजी ‘पुढचा सोमवार’ लिहिलं गेलं, की बेरीज चुकते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

माझा आडाखा असा. नोंद करणारा माणूस एकच असेल आणि त्याच दिवशी करत असेल, तर एक्सेल बिनधास्त चालवा. दोघा-तिघांना एकाच वेळी तीच नोंद हवी असते, किंवा ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरी अंतिम’ अशा नावांच्या फाइली दिसू लागतात, तिथे त्याची हद्द संपली. मग बिलिंग आणि साठा एकत्र धरणारं साधं सॉफ्टवेअर बघावं.

दोन्हीकडे एक काम चुकत नाही, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: मालाला एकच नाव देणं. स्टोअरवाला ज्याला ‘मोठा तपकिरी’ म्हणतो, त्यालाच पुरवठादाराच्या बिलात एक क्रमांक असतो, गिऱ्हाईक त्याला तिसऱ्याच नावाने मागतो आणि फोरमन त्याला ‘जाडा’ म्हणतो. संगणकाला या चार वस्तू वाटतात. साठा चारही ठिकाणी चुकतो. प्रत्येक वस्तूला एक संकेतांक ठरवून भिंतीवर यादी लावली की निम्मा गोंधळ संगणक सुरू करण्याआधीच मिटतो. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय या गावी बारकोड लावलेली पहिली वस्तू, च्युइंगगमचं एक पाकीट, काउंटरवर वाचली गेली, तेव्हा कमाल यंत्रात होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्पर्धेतल्या उत्पादकांनी आणि दुकानदारांनी एकत्र बसून वस्तूंना क्रमांक देण्याची एक पद्धत मान्य केली होती. आज सगळीकडे पैसे देण्यासाठी दिसणारा क्यूआर कोडसुद्धा १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत जन्मला तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी.

क्लाउड बंद पडला तर?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने घेतलेली जागा. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची आणि संगणकशक्तीची अशी सेवा विकायला काढली आणि लहानांसाठी हिशेबच बदलला. पूर्वी सर्व्हर विकत घ्या, वातानुकूलित खोली करा, सांभाळायला माणूस ठेवा. आता महिन्याचं भाडं भरा, नको झालं की सोडा. पाच माणसांच्या धंद्याला मोठ्या कंपनीच्याच दर्जाची यंत्रणा मिळते. हे चांगलंच झालं.

बंद पडण्याची भीती खरी आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर ठप्प होते. कारण साधं, नेहमीच्या देखभालीत झालेली चूक. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथेच येत होत्या त्यांच्यासाठी ते कुलूप लावलेलं शटर होतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. पण कोपऱ्यात ठेवलेला स्वतःचा जुना संगणक यापेक्षा भरवशाचा असतो असं मानणं भाबडेपणाचं आहे. तो बंद पडला की बातमी होत नाही, इतकंच.

मला जास्त काळजी वाटते ती बंद पडण्यापेक्षा अडकून पडण्याची. पाच वर्षांचा हिशेब एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिने वर्गणी दुप्पट केली, किंवा तिचाच धंदा बंद झाला. मग? म्हणून घेण्याआधी एकच चाचणी करून बघावी: सगळी गिऱ्हाइकं, सगळी बिलं आणि सगळा साठा एका साध्या फाइलमध्ये बाहेर काढून द्या म्हणावं, आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडून बघावी. उघडली आणि सगळं दिसलं तर पुढे बोलावं. ‘ती सोय पुढच्या आवृत्तीत येतेय’ असं उत्तर आलं तर चहा प्यावा आणि निघावं. हेच विक्रीच्या ऑनलाइन बाजारांना लागू. तिथलं गिऱ्हाईक तुमचं नसतं, त्या बाजाराचं असतं. त्याचं नाव आणि नंबर तुमच्या यादीत, त्याच्या परवानगीने, वेगळा असायला हवा.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’

हा युक्तिवाद मी फार ऐकलाय, आणि तो चुकीचा आहे. चोर तुम्हाला निवडून येत नाही. बहुतेक हल्ले यंत्रं करतात, इंटरनेटवरचे दरवाजे एकामागून एक ढकलून बघतात, उघडा सापडला की आत शिरतात. १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलं होतं. लोकांनी ते टाकलं नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. हिशेबाचा संगणक अजून त्यावर चालत असेल आणि वाढीव मुदतीचीही सोय केलेली नसेल, तर तो आजही सुरूच राहील, फक्त यापुढे सापडणारी भगदाडं बुजवायला कुणी येणार नाही.

आणि चोरण्यासारखं तुमच्याकडे असतंच, तुमचं बिल. सगळ्यात महागात पडणारी फसवणूक अगदी साधी असते. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात पाठवा.’ भाषा नेहमीची, बिलाचा क्रमांक खरा, रक्कम खरी, कारण कुणाचा तरी ईमेल आधीच फोडलेला असतो. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेकडे एकट्या २०२३ मध्ये या प्रकारच्या फसवणुकीत सुमारे २.९ अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी आल्या. उपाय फुकट आहे. खातं बदलल्याचं कळलं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. ईमेल आणि हिशेबाला पासवर्डबरोबर फोनवरची दुसरी खातरजमा लावा. आणि नोंदींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. ती प्रत खरोखर उघडते का हे अधूनमधून बघा. बॅकअप चालू असल्याचा हिरवा दिवा वर्षभर दिसत असतो आणि नेमक्या वेळी आत रिकामी फाइल निघते.

माणसं विरोध करतात, त्याचं काय?

करणारच. नोंद आली की कुणी किती ताव नेले ते दिसतं. ज्याला ते दिसायला नको असतं तो कुरकुरतो, आणि मालकाला तेवढंच दिसतं. पण नोंदीत हेही दिसतं की अमुक कारागिराने तीन आठवडे उशिरापर्यंत थांबून काम केलं, किंवा उशीर त्याच्यामुळे न होता पुठ्ठाच वेळेवर न आल्यामुळे झाला. मालक ही दुसरी बाजू वापरत नसेल, तर विरोध रास्त आहे असं मी म्हणेन. फक्त पकडायला वापरलेली नोंद लोक खोटी भरू लागतात, आणि खोटी नोंद कोऱ्या वहीपेक्षा वाईट.

खरा विरोध पुष्कळदा मालकाचाच असतो. तो बोलून दाखवत नाही. कोणाचा दर काय, कोण किती दिवसांनी पैसे देतं, कुठला पुरवठादार अडचणीत मदत करतो, हे सगळं आपल्याच डोक्यात असणं ही त्याची सत्ता असते. ते लिहून ठेवणं म्हणजे ती वाटून टाकणं. तो ‘करू, बघू’ म्हणत राहतो, आणि दोन दिवस आजारी पडला की कारखाना थांबतो.

आणि एआय?

आता त्या बटणाकडे. छोट्या धंद्याला त्याचा उपयोग आहे, आजही आहे. परक्या भाषेतल्या गिऱ्हाइकाला नीट उत्तर लिहिणं, पुरवठादाराच्या बिलाच्या फोटोतून आकडे उचलणं, मालाचं वर्णन तयार करणं. ज्या कामासाठी छोट्या धंद्याला वेगळा माणूस परवडत नाही, ती कामं ते बऱ्यापैकी करतं.

पण केनियात छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि बर्कली विद्यापीठांच्या संशोधकांनी त्यांतल्या काहींना व्हॉट्सॲपवर एआयचा सल्लागार दिला. सरासरी फरक शून्य निघाला. आत डोकावल्यावर कळलं की ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालला होता त्यांचा आणखी सुधारला, आणि ज्यांचा आधीच डळमळत होता त्यांचा बिघडला. सल्ला दोघांना मिळत होता. कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे कळायला आपल्या धंद्यात नक्की काय चाललंय ते माहीत असावं लागतं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. कंपनीने बचाव केला की चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. यंत्र तुमच्या नावाने बोललं की शब्द तुमचा. मोठी विमान कंपनी तो खर्च सोसते. खोक्यांच्या कारखान्याने चुकून निम्मा दर कबूल केला तर तो महिना तोट्यात.

‘कोणत्या गिऱ्हाइकाकडून आपल्याला खरा नफा होतो?’ हा प्रश्न एआयला विचारायला सगळ्यांनाच आवडेल. खोक्यांच्या कारखान्यात याचं उत्तर ते देईल, अगदी ठामपणे देईल, पण नवा दर, जास्तीचा गठ्ठा आणि परत आलेली चाळीस खोकी त्याला कुणी सांगितलेलीच नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची?

येण्यापासून. म्हणजे कुणाकडून किती पैसे यायचेत आणि किती दिवस झालेत, या यादीपासून. साठा, उत्पादन, गिऱ्हाइकांची माहिती हे सगळं नंतर. येण्याची यादी नीट झाली की वसुली लवकर होते, खेळतं भांडवल सुटं होतं, आणि पुढच्या खर्चाला पैसा तिथूनच निघतो. माणसांनाही फायदा डोळ्यांनी दिसतो. शिवाय वर्षभराची नीट नोंद आणि खात्यातून झालेली देवघेव असली की कर्ज देणाऱ्यासमोर तारण सोडून दाखवायला काहीतरी असतं. छोट्यांना कर्ज नाकारलं जातं त्याचं एक मोठं कारण धंदा वाईट असणं हे नसतं, तो चांगला आहे हे कागदावर दिसत नाही हे असतं.

आधी आठवडाभर काहीच विकत घेऊ नका. दहा ऑर्डरी निवडा आणि प्रत्येकीचा प्रवास कागदावर काढा, कुठे लिहिली, कुणी लिहिली, कुठे नुसतीच बोलली गेली. मालाची यादी करा. मग एक सॉफ्टवेअर महिनाभर चाचणीवर घ्या आणि त्याची एकच परीक्षा घ्या: मालक जागेवर नसताना हिशेबनिसाने ‘आज कोणाकडून किती येणं आहे’ याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं, मालकाला फोन न करता.

जुनी वही त्या काळात बरोबरीने चालू ठेवावी, पण ती कधी बंद होणार ती तारीख पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकावी. तारीख नसली तर दोन्ही कायम चालू राहतात, माणसं मनातून वहीलाच खरी मानतात, आणि संगणकात रात्री उशिरा, आठवून आठवून, दिवसभराची भरती होते.